सुंदराबाईंच्या हातचा

वकिलांच्या ऑफिसात पाणी आलं, चहा आला. सुंदराबाईंना बोलण्यासारखं होतं ते वर्षभरात घरी बोलून झालं होतं.

काळ्या मसाल्याच्या पुडीवर त्यांचा फोटो होता. खाली छापलेलं, 'सुंदराबाईंच्या हातचा, घरी कुटलेला'. खांदा धरल्यापासून त्यांनी मुसळाला हात लावला नव्हता. नातू सौरभ मांजरी गावच्या कारखान्यातून तयार मसाला आणून पुड्या भरत होता. फोटो तेवढा तसाच राहिला. कुणीतरी पुड्यांचा माग काढला आणि एका ग्राहक संघटनेने फसवणुकीचा दावा लावला.

"आजी, केस सोपी आहे," केयूर वकील म्हणाले. "कोणी आजारी पडलं नाही, कोणा गिऱ्हाइकाची तक्रार नाही. नुकसान झालेला माणूसच त्यांच्याकडे नाही. तुम्ही फक्त सही करा, मसाला तुमच्या देखरेखीखाली होतो म्हणून."

"मी मांजरीला कधी गेले?"

"तो प्रश्नच नाही. नुकसान कोणाचं, हा प्रश्न आहे."

"म्हणजे पचली की ती थाप नाही. बरं झालं सांगितलंत. माझी शाळा तिसरीत सुटली, हे चौथीत शिकवत असतील."

"आजी, प्लीज," सौरभ म्हणाला. "कस्टमर हॅपी आहेत. घर चालतंय ना तुझ्या नावावर?"

चालत होतं. खरं होतं म्हणूनच त्याचा जास्त शीण येत होता.

परवा जुन्या गिऱ्हाईक कुसुमताई भाजीबाजारात भेटल्या होत्या. सुंदराबाईंचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "रागावू नका हं, पूर्वी जरा करपायचा तुमचा मसाला. आता हात बसलाय." सुंदराबाई हसल्या आणि मेथी घेऊन घरी आल्या.

त्यांनी कागद परत सरकवला.

"नुकसान झालेला माणूस हवाय ना त्यांना? माझं नाव कळवा."

"अहो, तुम्ही आपल्या बाजूच्या आहात."

"मग आपल्या बाजूचं एक माणूस कमी झालं."

"धंदा बसेल, आजी," सौरभ म्हणाला.

"पुडीवरचा फोटो काढून टाक. मांजरीचा म्हणून विक. चांगला आहे म्हणतात, खपेल."

"आणि नाही खपला तर?"

सुंदराबाईंनी डोळे मिटून घेतले. "तर नाही खपला," त्या म्हणाल्या.