गंधकाच्या कागदातली कादंबरी

माझे यजमान, शेखर, जुन्या विज्ञान कादंबऱ्या जमवतात. वाचत नाहीत, जमवतात. आवृत्ती कितवी, मुद्रक कोण, कव्हरवरचं चित्र कुणाचं, सगळं तोंडपाठ. आत काय आहे विचारलं की म्हणतात, "साधना, पुस्तक उघडलं की त्याचा कणा मोडतो." घरात माझा मोडला तरी चालतो.

नाशिकला आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमधली एक अख्खी खोली या पुस्तकांची. पाहुणे आले की हॉलमध्ये गाद्या घालून झोपतात, मंगळ आणि शुक्र मात्र एसीत.

त्या खोलीत 'मंगळावरचे पोरके' होती. सिन्नरला शाळेत असताना मी ती वाचायला घेतली होती. मंगळावर तीन भावंडं एकटी राहिलेली, त्यांना आणायला पृथ्वीवरून यान निघालेलं, आणि नेमकं तेव्हाच परीक्षा आली म्हणून आईने पुस्तक वाचनालयाला परत केलं. पुन्हा ते कधी हाती लागलं नाही. यान पोचलं का, एवढंच मला हवं होतं. लग्नानंतर यांनी ती प्रत कुठूनशी मिळवली, तेव्हा मला वाटलं माझ्यासाठीच आणली. कसलं काय! प्लॅस्टिकमध्ये घातली, चिकटपट्टी लावली. मागितली की एकच उत्तर: "प्रत खराब होईल." अहो, सोवळ्यातलं लोणचंसुद्धा शेवटी पानात वाढतात.

यंदा पावसाळ्यात कपाटाला बुरशी लागली आणि यांचं जेवण कमी झालं. माझा भाऊ नवनाथ दिंडोरीहून आला होता. त्याची द्राक्षबाग.

"दाजी, एवढं काय घाबरता? परदेशी माल धाडताना आम्ही पेटीत द्राक्षावर गंधकाचा कागद टाकतो. दोन-दोन महिने बुरशी येत नाय. लय भारी काम हे!"

कुठे द्राक्ष, कुठे पुस्तक! पण फुकटचा सल्ला आणि फुकटचा कागद, यांना दोन्ही प्रिय. हवाबंद डबे आले, प्रत्येकात प्लॅस्टिक काढलेली पुस्तकं आणि वर नवनाथचा कागद. संग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोही गेला, खाली लिहिलं, 'नाशिक पद्धत'.

दसऱ्याला डबे उघडले. फटाके वाजून गेल्यावर गल्लीत येतो तसला वास खोलीभर पसरला. बुरशी नव्हती. रंगही नव्हता, गंधकाच्या वाफेने तोही खाल्ला होता. लाल मंगळ पांढराफटक, निळं आकाश पार धुऊन निघालेलं. हे एकेक कव्हर उजेडात धरून पाहायला लागले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"गेलं सगळं," हे म्हणाले. "आता कोण हात लावणार यांना?"

"मी लावते," म्हटलं, आणि 'पोरके' घेऊन बाल्कनीत बसले. घराला खिचडीवर भागवायला लावलं. यांनी तक्रार केली नाही, सुतकात माणूस खिचडीही खातो.

शेवटच्या प्रकरणापाशी पोचले आणि हे फोन नाचवत धावत आले. यांनी उडालेल्या कव्हरांचे फोटो ग्रुपवर टाकले होते, आणि ग्रुपमधले सर्वांत जाणते मानले जाणारे पुण्याचे भारतराव यांनी निवाडा दिला होता: असे रंग उडालेले नमुने जगात कुणाकडेच नाहीत, म्हणजे हे दुर्मिळातले दुर्मिळ! रविवारी ऑनलाइन कार्यक्रम, वक्ते अर्थात हे.

"दे ती प्रत! बोटांचे ठसे उमटतील!"

"अहो, एकच प्रकरण राहिलंय."

"शेवटाशी काय करायचंय तुला? दे!"

माझं डोकं सणकलं. "पुसून देते," म्हटलं, स्वयंपाकघरात गेले, शेवटचं प्रकरण अलगद फाडून काढलं, पिठाच्या डब्यामागे सारलं आणि उरलेलं पुस्तक यांच्या हातात दिलं. यांनी पुढचं कव्हर पाहिलं, मागचं पाहिलं, कणा पाहिला. समाधान झालं. मग प्लॅस्टिक, मग चिकटपट्टी.

रविवारी हे लॅपटॉपसमोर इस्त्रीचा झब्बा घालून बसले. तासभर कव्हरविषयी बोलले. शेवटी तृप्ती नावाच्या एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, "काका, यान पोचतं का हो त्या मुलांपर्यंत?"

हे गोड हसले. "शेवट सांगणं हा वाचकावर अन्याय आहे. आजवर मी तो कुणालाच सांगितलेला नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तेव्हा स्वयंपाकघरात तेच प्रकरण दुसऱ्यांदा वाचत होते. यान पोचतं. पण ते मी मेले तरी यांना सांगणार नाही.