अस्तराखालचं पत्र

मी व्हर्नियर बोलतोय. कारखान्यात वस्तूची जाडी मोजायला वापरतात ना, तो दोन जबड्यांचा पोलादी मापक. खोटं माप द्यायला मी शिकलो नाही, पण एका खोट्यावर सात वर्षं गप्प पडून राहायची पाळी माझ्यावर आली.

माझा मालक टर्नर. लेथवर लोखंड कातायचा. नोकरीला लागला त्याच वर्षी त्यानं मला आणलं, लाकडी पेटीसकट, आत मऊ निळं अस्तर. दुसऱ्या कुणी मला हात लावला की त्याच्या कपाळावर आठ्या पडायच्या. वापरण्याआधी तो माझे जबडे मिटवून शून्य जुळतंय का ते बघायचा. "आधी शून्य बघ, मग माप घे," असं तो नव्या माणसांना बजावायचा.

मला हाताळायची मुभा फक्त त्याच्या धाकट्या लेकीला. घरात तिला बारकी म्हणत. दहाव्या वर्षी ती माझ्यानं चमचे, कड्या, आईच्या सुया मोजत बसायची. पुढे सुट्टीला बापाबरोबर कारखान्यात यायची आणि लोखंडाचा तुकडा नुसता बोटांत धरून सांगायची, "बाबा, बारा पॉइंट चार." मालक मला लावून बघायचा. बारा पॉइंट चार मिलिमीटरच असायचं. पोरीच्या हातात कसब होतं, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

शाळा संपल्यावर तिनं दोन अर्ज भरले. एक तंत्रशाळेचा, टर्नरच्या कोर्ससाठी. दुसरा कॉलेजचा. जीव पहिल्यात होता, दुसरा आपला काकाच्या आग्रहाखातर. काका म्हणजे मालकाचा मोठा भाऊ, कचेरीत कारकून, कायम नाकानं कांदे सोलणारा. "तू जन्मभर काळे हात घेऊन फिरलास, आता पोरीलाही लोखंडात घालणार?" मालक आपल्या नखांकडे बघत बसायचा.

तंत्रशाळेचं पत्र आलं तेव्हा घरात तो एकटाच होता. हातकामाच्या चाचणीत बारकी पहिली आली होती. दहा दिवसांत हजर व्हायचं होतं. त्यानं पत्र तीनदा वाचलं, डोळे पुसले. मग पत्राच्या दोन घड्या घातल्या, माझ्या अस्तराची कड उचकटून ते खाली सरकवलं आणि वर मला झोपवलं. फाडायला त्याचा हात धजला नाही आणि द्यायलाही नाही.

"तुझा नंबर लागला नाही गं. मी स्वतः चौकशी करून आलो," असं त्यानं संध्याकाळी सांगितलं. बापाच्या शब्दावर कोण शंका घेणार? त्या दिवसानंतर बारकीनं मला हातात घेतलं नाही.

कॉलेज तिनं रडतखडत पुरं केलं. पदवी चौकटीत लागली, पण तिच्यासाठी नोकरी घेऊन कुणी वाट बघत बसलं नव्हतं. आज ती पडद्यांच्या दुकानात मीटरपट्टीनं कापड मोजते. काका म्हणतो, हात तर स्वच्छ राहिले ना. मला त्याची चीड येते, आणि मालकाची त्याहून जास्त.

गेल्या महिन्यात मालक निवृत्त झाला. नजर अधू झालीय, माझ्या बारीक रेषा त्याला दिसत नाहीत. त्यानं पेटी बारकीपुढे ठेवली. "तुझ्याकडे असू दे." पत्राचा त्याला विसर पडला होता, असं मला वाटत नाही. काही माणसांना कबुली तोंडानं देता येत नाही.

तिनं मला उचललं. सुटलेल्या अस्तराखालून कागदाचं टोक दिसलं. पत्र तिनं उभ्याउभ्याच वाचलं.

"बाबा, इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्या हातांत काही नाहीच."

"तुझे हात काळे होऊ नयेत म्हणून गं," तो एवढंच म्हणाला.

तिनं पत्राच्या पुन्हा तशाच घड्या घातल्या. माझे जबडे मिटवून शून्य बघितलं, त्यानं शिकवलं होतं तसं. मग ते पत्र जबड्यांत धरलं. "शून्य पॉइंट चार," ती म्हणाली. मला पेटीत ठेवलं, पत्र पर्समध्ये टाकलं आणि दुकानाची वेळ झाली म्हणून निघून गेली.

मला तिनं नेलं नाही. तुमच्या घरी असं पत्र आलं, तर ज्याचं आहे त्याच्या हातात द्या. नंतर हवं तेवढं भांडा.

मालक आता रोज सकाळी पेटी उघडतो, माझे जबडे मिटवतो, मला डोळ्यांपाशी नेतो. शून्य अजून जुळतं. त्याला ते दिसत नाही.