बारा चाळीसचा ओटीपी

दिघाशीच्या लडकूची दगडखदान होती, पण फक्त कागदावर. जमीन त्याची, परवाना त्याच्या नावाचा. चालवायचा भिवंडीचा हरेशशेठ. लडकू स्वतःच्याच जमिनीत रोजावर दगड फोडायचा. सरकारला दगडाची रॉयल्टी भरल्याच्या पावत्या पूर्वी शेठच्या कपाटात असत, लडकूने त्या कधी पाहिल्या नव्हत्या. मग सगळं ऑनलाइन झालं आणि पैसे भरताना ओटीपी लडकूच्या मोबाइलवर येऊ लागला. खदानीत रेंज नसायची, म्हणून मोबाइल घरीच असे. शेठच्या ऑफिसातून फोन आला की मुलगी हेमाली आकडे वाचून दाखवायची.

माघातल्या एका मंगळवारी दरड अंगावर येऊन लडकू गेला. संध्याकाळी पाचला त्याला दवाखान्यात नेलं.

"खदान तर बंद होती, वहिनी," शेठ दारात लडकूच्या बायकोला, काशीला, हात जोडून म्हणाला. "चारच्या सुमारास एकटाच गेला असेल. मला तरी काय ठाऊक?"

पोलिसांनीही तेच लिहून घेतलं.

तेराव्यानंतर पोकलेन चालवणारा रघू आला. उंबऱ्याबाहेरच बसला. चहा दिला, त्याला हात लावला नाही.

"खदान बंद नव्हती, काकी. दरड साडेअकराला पडली. मी बोललो, दगड काढू. शेठ बोलला, आधी गाड्या भर, गोदामाचं बांधकाम अडलंय."

"तवा जिवंत व्हते ते?" काशीने विचारलं.

रघूने मान खाली घातली. "आवाज येत व्हता. थोडा वेळ."

"पोलिसांना सांगशील?"

"माझी दोन पोरं हायत, काकी," म्हणत तो उठून गेला.

हेमाली दुसऱ्या एका गोदामात कॉम्प्युटरवर मालाच्या नोंदी चढवायचं काम करायची. तिने वडिलांचा मोबाइल घेतला, रॉयल्टीची सरकारी साइट उघडली आणि पेमेंटचा तपशील काढला. तो मंगळवार तिथे होता. रॉयल्टी भरली, दुपारी बारा चाळीस. खाली दगड नेणाऱ्या सात गाड्यांचे पास, शेवटचा साडेतीनचा.

"काय लिवलाय?" काशीने विचारलं.

"खदान चालू होती. सगळं हाय इथे."

त्या दिवशी तिची दुसरी शिफ्ट होती. वेणी घालता घालता तिनेच ते सहा आकडे वाचले होते. "बाबा जेवायला कधी येतील?" असंही विचारलं होतं. पलीकडचा माणूस म्हणाला होता, "कामात हाय."

ओटीपीचं तिने आईला सांगितलं नाही, चार दिवस गेले. मग प्रिंट काढून दोघी पोलीस ठाण्यात गेल्या. साहेबांनी कागद वाचले.

"परवाना तुमच्या वडिलांचाच. ते दरडीखाली, मग ओटीपी कोणी दिला?"

माहीत नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. हेमालीने आईकडे पाहिलं नाही.

"मी दिला. शेठच्या ऑफिसातून फोन आलेला. नंबर अजून मोबाइलमध्ये हाय."

बाहेर बाकड्यावर दोघी बसल्या. आई हात उगारेल, असं हेमालीला वाटत होतं.

"मी पन घरातच व्हते," काशी म्हणाली. "भात करीत व्हते." मग तिने हेमालीचा हात धरला आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

ते कागद समोर ठेवल्यावर रघूनेही जबाब दिला. शेठला अटक झाली आणि बावीस दिवसांनी तो जामिनावर सुटला. रघूचं काम गेलं. परवानाधारक मेला म्हणून खदान बंद झाली. खटला अजून उभा राहायचा आहे.

पावसाळा सरल्यावर कळलं, शेठने गणेशपुरीकडे नवी खदान घेतलीय, नवशा नावाच्या शेतकऱ्याच्या नावावर. रविवारी मायलेकी एसटीने तिथे गेल्या. हेमालीने नवशाला साइट उघडून दाखवली, त्याच्या नावावर काय काय चाललंय ते वाचून दाखवलं. काशीने लडकूचं सांगितलं, काही न लपवता.

नवशाने सगळं ऐकून घेतलं. पाण्याचा तांब्या पुढे केला.

"शेठ रोजची मजुरी रोज देतो, बाय," तो म्हणाला, आणि पहार उचलून खदानीकडे निघून गेला.