नाही म्हणणारा गेज

मी एक जुना गेज आहे, माप तपासायचा. अंगठ्याएवढा पोलादी तुकडा. मित्रांनो, तुम्ही मला कुठे पाहिलं असतंत, तर स्क्रू समजून बाजूला सारलं असतंत. माझं रूपच तेवढं.

काम मात्र जोखमीचं. रायफलीला नवी नळी बसवली, की मला तिच्या मागच्या तोंडात ठेवतात आणि बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, हलक्या हाताने लावून बघतात. माझ्यापाशी बोल्ट अडला, तर जोडणी ठीक. तो बंद झालाच, तर आत जागा जास्त आहे, आणि बार नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो. म्हणजे मी अडून बसलो की लोक खूश होतात. असं भाग्य किती जणांना मिळतं?

परळच्या एका कारखान्यात गुणाजी नावाच्या टर्नरने मला घडवलं. माझ्याआधीचे तीन तुकडे त्याने केसभर चुकले म्हणून फेकून दिले. तिथून मी ठाकूरद्वारच्या एका वाडीत आग्नेलोंकडे आलो. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं बंदुका दुरुस्तीचं परवानाधारक काम चाले. नेमबाजी क्लबातली मंडळी लांबून येत आणि मला हातात घेऊन बघत. मी तेव्हा जरा फुशारलो होतो, हे कबूल करतो.

आग्नेलोंची बायको मॉड शेजारी बसे. प्रत्येक तपासणीआधी ती म्हणे, "थांब, आधी पुसू दे." मग जुन्या फ्रॉकच्या मऊ तुकड्याने नळी पुसे, मलाही पुसे. दोन वर्षांपूर्वी मॉड गेली. काम थांबलं, मी डबीत पडून राहिलो. तिच्या हाताची मला फार आठवण येते.

यंदा त्यांच्या मुलीची, नेरिसाची, राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. तीन वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती. तिच्या रायफलीला आग्नेलोंनी स्वतः नवी नळी बसवली आणि शुक्रवारी मला डबीतून काढलं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

बोल्ट अडला. "बसली बरोबर," आग्नेलो म्हणाले. "रविवारी बिनधास्त जा."

पण मित्रांनो, बोल्ट माझ्यामुळे अडला नव्हता. आत लोखंडाचा बारीक कीस राहिला होता, तो मध्ये आला होता. मी जन्मात खोटं बोललो नव्हतो, आणि आता बोलत होतो. मला ओरडावंसं वाटलं.

आग्नेलोंनी मला बाहेर काढलं, तेव्हा माझ्या अंगाला चिकटलेला तो कीस त्यांच्या बोटाला टोचला.

"नेरिसा, थांब. मी पुसलंच नाही. सवयच नाही मला, ममा पुसायची तुझी."

"जाऊ दे ना, डॅडी. तुझा हात कधी चुकलाय?"

त्यांनी सगळं पुसलं आणि मला पुन्हा आत ठेवलं. या वेळी बोल्ट माझ्यावर अलगद बंद झाला.

"ही रायफल जाणार नाही," ते म्हणाले. "नळी काढून पुन्हा बसवायला रविवारपर्यंत वेळ नाही. चूक माझी आहे."

"तीन वर्षं थांबले मी, डॅडी. उसन्या रायफलीवर माझा नेम लागत नाही, माहितीय ना तुला?"

"माहितीय. मला मेडल नको गं. तुझे डोळे हवेत."

नेरिसा रडली. रविवारी ती घरीच होती. दुपारी तिने चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी नळी दुसऱ्याकडून बसवून घे," आग्नेलो म्हणाले. "माझी नजर गेली, बाय."

त्यानंतर डबी उघडली गेली नाही. मी खरं सांगितलं याचं मला दुःख नाही. पण त्या खऱ्यामुळे त्यांचं काम सुटलं आणि माझंही. तुमच्या घरीही असं कुणी असेल, स्वतःची चूक स्वतःच सांगून बाजूला झालेलं. त्याच्याजवळ जाऊन बसा, त्याला काही विचारा. मलाही कुणीतरी एकदा हातात घ्यावं असं वाटतं. काम नसलं तरी चालेल.