हडपसरच्या बरोब्बर खाली

दीक्षाचं जहाज मार्चभर दक्षिण पॅसिफिकमध्ये फिरत होतं. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला समुद्राखाली डोंगरांची लांबलचक रांग आहे, तिचा नकाशा करायला निघालेल्या पंचवीस जणांत ती एकटीच पुण्याची. गुरुवारी तिचा फोन आला तेव्हा तिची आई नंदा बसमधली कंडक्टरची ड्युटी संपवून नुकतीच हडपसरला घरी आली होती.

"आई, उद्या आम्ही बरोब्बर तुझ्या पायाखाली येतोय!"

"म्हणजे गं काय?"

"आपल्या गच्चीतून पृथ्वीच्या आरपार सुई घातली तर ती निघेल ना, तिथे. नुसतं पाणी. जमीन म्हणावी तर ईस्टर बेटाकडे, नऊशे-हजार किलोमीटरवर. तुझा सूर्य उगवेल तेव्हा माझा मावळत असेल. आणि हवा उजेडाला जराशी वाकवते, म्हणून काही मिनिटं तो आपल्या दोघींनाही दिसेल. एकाच वेळी!"

"तिथला डोंगर तरी एका जागी असतो ना?"

"कुठला! तळ दर वर्षी पंधरा सेंटीमीटर सरकतो."

"बरं बाई," नंदा म्हणाली, "निदान तिथे तरी कुणीतरी सरकतं. माझ्या बसमध्ये कुणी जागचं हलत नाही."

शुक्रवारी पहाटे सहालाच तिने नवऱ्याला उठवलं. संभाजी कारखान्यात फिटर. सुट्टीच्या दिवशी आठच्या आत त्याला कुणी उठवत नसे. तो स्वेटर उलटा घालूनच अकराव्या मजल्यावरच्या गच्चीत आला. तिथे शेजारचे अनिरुद्ध साठे कुंड्यांना पाणी घालत होते. नंदाने त्यांना सगळं सांगितलं.

"छान," साठे म्हणाले. "पण जपून उभ्या राहा, नंदाताई. मुलीच्या डोक्यावर वजन यायला नको."

फोन लागला. चित्र अडकत होतं, पण डेकवर वाऱ्याने केस उडालेली दीक्षा दिसली. तिच्यामागे लाल झालेला समुद्र. इकडे मांजरी गावच्या उसापलीकडे नुसतं धुकं.

"दिसतोय का?" दीक्षा ओरडली.

"नाही गं!"

"माझा टेकला पाण्याला! लवकर बघ!"

नंदा टाचा उंचावून पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चढली. संभाजीने तिचे पाय घट्ट धरले. आणि धुक्यातून एक लालभडक कड वर आली.

"आला! अहो, आला!"

"माझाही आहे अजून!" दीक्षा किंचाळली. तिच्यामागे कुणीतरी भलत्याच भाषेत ओरडलं, मग सगळं जहाजच ओरडायला लागलं.

नंदाने कट्ट्यावरून उडी मारली. का, ते तिलाही कळलं नाही. संभाजीनेही मारली. "आई, लागलं मला!" म्हणून दीक्षा हसत सुटली, तेव्हा दोघांनी पुन्हा मारली. साठ्यांनी झारी खाली ठेवली, इकडेतिकडे पाहिलं आणि धोतर सावरून एक लहानशी उडी घेतली.

"मी फक्त खात्री करून घेतली," ते म्हणाले.

फोन कट झाला. नंदाची ड्युटी सातची होती. लिफ्टची वाट पाहण्याइतका धीर तिच्यात उरला नव्हता, संभाजीचा हात ओढत ती जिन्यावरून धावत सुटली आणि प्रत्येक मजल्यावर ज्याचं दार उघडं दिसलं, त्याला सांगत गेली, "आमची दीक्षा खाली आहे, बरं का! अगदी खाली!"