घेतली का?

मित्रांनो, बुडाचा एक पोचा आणि दुसऱ्या कुणाचं तरी झाकण एवढं सोडलं, तर मी एक जुना पण सभ्य थर्मास आहे. माझ्या पोटात काचेच्या दोन भिंती आहेत आणि त्यांच्या मधे काहीही नाही. कारखान्यात मला घडवताना तिथली हवासुद्धा काढून घेतली. आतलं बाहेर कळू द्यायचं नाही, एवढंच मला शिकवलं गेलं. या शिक्षणाची मला पुढे भीती वाटेल, हे तेव्हा माहीत नव्हतं.

मला मिस्तरींच्या बायकोने आणलं. मिस्तरी लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांच्या हातात हत्यारांची पिशवी आणि खांद्याला मी, असे आम्ही जिने चढायचो. लिफ्टवाल्याच्या नशिबी कायम जिनाच. वर दोन मजल्यांच्या मधे अडकलेली माणसं दार बडवत असायची. मिस्तरी दाराला तोंड लावून पहिला प्रश्न ठरलेला विचारायचे, "आत किती जण आहात?" मोजायला लागली की माणसं ओरडायची थांबतात, असा त्यांचा अनुभव. मग सांगायचे, "भिऊ नका. लिफ्ट पडत नाही, अडकते. दार ओढू नका, मी आलोय." सुटलेल्यांना माझ्यातला चहा मिळायचा. "अजून कसा हो गरम?" असं कुणी म्हटलं की मला दिवसभर पुरायचं.

मिस्तरींची मुलगी लहानपणी कपाटात लपायची. मिस्तरी बाहेरून विचारायचे, "आत किती जण आहात?" आतून खिदळत उत्तर यायचं, "एकच!"

पुढे मुलगी लग्न होऊन शेजारच्या गल्लीत राहायला गेली, मिस्तरी निवृत्त झाले आणि एका वर्षी बायको वारली. त्यानंतर मिस्तरी सकाळी उठून खुर्चीत बसायचे आणि संध्याकाळी तिथेच सापडायचे. एकच सदरा चार दिवस. रेडिओवर धूळ. मुलीने डॉक्टरांकडे नेलं.

"कशातच मन लागत नाही," मिस्तरी म्हणाले.

"वयाप्रमाणे होतं."

"झोप येत नाही."

"वयाप्रमाणे होतं. काही घेता का?"

"घेतो की. काळा चहा."

डॉक्टर मनापासून हसले आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. मी मिस्तरींच्या खांद्याला होतो. काळा चहा माझ्यात होता. तो चहा नव्हता, रम होती.

मित्रांनो, रंग अगदी चहाचा असतो. बागेतल्या बाकावर मिस्तरी माझ्या झाकणातून घोट घ्यायचे आणि शेजारचे काका कौतुकाने म्हणायचे, "बघा, या वयातही चहा घरचाच. बाहेरचं काही चालत नाही यांना." माझं एवढं कौतुक चहाच्या दिवसांतही झालं नव्हतं. मला मात्र हुडहुडी भरायची. गोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की या गोळ्या दारूबरोबर घेऊ नयेत, श्वास बंद पडू शकतो. ते वाचायला मिस्तरींना चष्मा लागायचा आणि चष्मा शोधायचा त्यांना कंटाळा यायचा. दिवस लवकर संपावा म्हणून ते झोपेची गोळी दुपारीही घेऊ लागले.

रोज दुपारी दोनला मुलीचा फोन यायचा. "बाबा, घेतली का?" तिला रक्तदाबाची गोळी म्हणायची असायची.

"घेतली," मिस्तरी म्हणायचे.

खोटं काहीच नव्हतं. गोळीही घेतली आणि रमही घेतली. व्याकरण पूर्णपणे मिस्तरींच्या बाजूने होतं. मी उशाशी बसून वाट पाहायचो, की ही आज तरी आणखी एक शब्द विचारेल. मला तोंड आहे, पण ते दुसऱ्याने उघडावं लागतं.

एका रविवारी मिस्तरींनी खोलीची कडी लावली, झाकण भरून रम घेतली, वर झोपेची गोळी घेतली. मग घेतली की नाही हे आठवेना, म्हणून पुन्हा घेतली. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, घेतली का?"

"घेतली... बहुतेक दोनदा घेतली."

"काय घेतली?"

फोन हातातून निसटला. मीही लवंडलो. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. एक यायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरा. मधल्या रिकाम्या जागेची मला ओळख आहे. ती माझ्या पोटात आहे. पण इतकी भीती मला तिची कधी वाटली नव्हती.

बाहेरच्या दारात किल्ली फिरली. मुलगी खोलीचं दार बडवू लागली, ओढू लागली. "बाबा, उघडा. बाबा." आत काही हललं नाही. मग एकाएकी बडवणं थांबलं. तिने दाराला तोंड लावलं असावं, कारण आवाज अगदी जवळून आला.

"आत किती जण आहात?"

मी वाट पाहिली. श्वास आला, गेला.

"ए...कच."

"भिऊ नका. पडत नाही, अडकते. कडीपर्यंत या बाबा. मी आलेय."

मिस्तरी सरपटत निघाले. तिसऱ्या खेपेला कडी निघाली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न केला, "काय घेतली?" मुलीने पाकीट आणि मला टेबलावर ठेवून माझं झाकण उघडलं. उत्तर मीच होतो. आतलं बाहेर कळू दिलं, ते जन्मात पहिल्यांदा.

मिस्तरींवर आता उपचार चालू आहेत, मनावरही आणि सवयीवरही. मंगळवारी ते त्यांच्याच वयाच्या काही जणांबरोबर बसून बोलतात. काही मंगळवारी नुसतेच बसतात. माझ्यात चहा असतो. मुलगी येता-जाता माझा वास घेते; मला राग येत नाही. झाकण फिरू लागलं की मीही अजून घाबरतो.

म्हणून मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "घेतली का?" एवढंच विचारून फोन ठेवू नका. दाराला तोंड लावा आणि आत किती जण आहेत ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर "एकच" असं येईल. मग दारापासून हलू नका.