जीपच्या टपावरचं जेवण

पोरं मी पाच वेळा मोजली. कारंज्याच्या देवळातून निघताना तीनदा, जीपमध्ये कोंबताना दोनदा. आठच्या आठ भरली. संध्याकाळच्या जेवणाचा डबा मात्र एकदाही मोजला नाही, आणि तो देवळाच्या ओट्यावरच राहिला.

हे कळलं तेव्हा कामरगाव अजून दहा किलोमीटर होतं आणि जीपचं मागचं चाक बसलं होतं. जादा चाक काढलं, तर त्यातही हवा नाही.

"गोविंदसिंग, हे चाक कायले बाळगता मंग? शोभेले?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"आमचे सेवालाल महाराज हायेत ना पाठीशी, राजमतीकाकू," तो शांतपणे म्हणाला. "आजलोक गरजच नाई पडली. भाच्याले फोन केला, चाक घेऊन येऊन राह्यला. एक घंटा."

मी कामरगावात दर रविवारी जैन पाठशाळा घेते. संयम शिकवते आणि शिकवताना चिडते. बाकीची पोरं घरी जाऊन जेवली असती, त्यांची चिंता नव्हती. चिंता रिंकूची. सहा वर्षांच्या या पोरीनं माझ्याच सांगण्यावरून महिनाभर सूर्य मावळायच्या आत जेवायचा नियम घेतला होता, आणि आज शेवटचा दिवस. गाडी लागल्यामुळे दुपारचं सगळं जेवण बाहेर पडलेलं. आता सूर्य बुडाला की उद्या सकाळपर्यंत उपाशी. तिच्या आईला, खुशबूला, मी निघताना ऐटीत म्हटलं होतं, "मी आहे ना, तू काळजी कायले करतं?"

"रिंकू, आजच्या दिवस नियम सोड. चालते," मी म्हणाले.

"तुमीच म्हणता, नियम म्हंजे नियम."

शिकवलेलं असं अंगावर येतं. सूर्य शेतांकडे उतरत होता. मी डोळे मिटून हात जोडले, तर लगेच अंकित बोललाच. वय नऊ, डोकं वकिलाचं.

"काकू, कोणाले मागून राह्यल्या? भगवान काई करत नाई, फक्त पाहतेत, असं तुमीच शिकवलं ना."

"मी काई मागत नाई. गप बस."

मागत होतेच. भगवान वीतराग आहेत, ते कोणाच्या जेवणाची सोय करत नाहीत, हे मला चाळीस वर्षं पाठ आहे. पण समोर पोर भुकेली असली की पाठांतर टिकत नाही.

तेवढ्यात कापूस वेचून परतणारी जमनाबाई आली, गोविंदसिंगच्याच बंजारा तांड्यातली. सगळं ऐकून तिनं गाठोडं सोडलं. दुपारची दीड भाकर उरलेली आणि गुळाचा खडा.

"चटणीत लसूण हाये, ते तुमच्यात चालत नाई. भाकर-गूळ घ्या. पाणी मी गाळून देतो," ती म्हणाली आणि ओढणीचा पदर दुहेरी करून गाळूही लागली.

रिंकूनं भाकर हातात घेतली आणि सूर्याकडे पाहिलं. समोर पुरुषभर उंच तूर. सूर्य तुरीमागे गेलेला.

"बुडाला," ती म्हणाली. ओठ थरथरायला लागले.

"बुडाला कुठं! हातभर वर हाये अजून!" अंकित ओरडला. तो जीपच्या टपावर होता. मी उतर उतर म्हणून तीनदा झापलं होतं त्याला.

"उतरू नको, तिथंच बस!" मी ओरडले.

गोविंदसिंगनं रिंकूला उचलून टपावर बसवलं. ती खाऊ लागली. आम्ही खाली माना वर करून उभे, आणि अंकित क्रिकेटसारखी कॉमेंट्री देत होता, "टेकला! पण पुरा हाये! खाय!"

भाकर संपत आली तशी रिंकू थांबली. "काकू, तुमी जेवल्या नाई."

खरंच की. मीही रात्री जेवत नाही, पण माझं मलाच आठवलं नव्हतं.

"खाली दे मले तुकडा."

"खाली बुडाला ना. वर या."

मग साडी खोचून, साठीच्या बाईनं बंपरवर पाय ठेवला. मागून जमनाबाईचा रेटा. "लावा जोर!" गोविंदसिंग म्हणाला. "तांड्यातल्या हेमसिंगची म्हैस असीच चढवतो टेम्पोत." त्याला नंतर बघते म्हटलं आणि चढले. अर्धा सूर्य शिल्लक होता.

तुकडा माझ्या तोंडात घालत रिंकू म्हणाली, "भगवान फक्त पाहतेत ना, काकू? मंग त्याईनंच पाह्यलं, तुमी उपाशी हायेत म्हणून."

पाठशाळेत याचं चोख उत्तर आहे, मला येतं. पण तोंडात भाकर होती आणि डोळे भरून आले होते. मी नुसती मान हलवली, होय म्हणून.